मण्यार चावल्यावर नसेच्या टोकाशी नेमकं काय घडतं?

पावसाळ्यातली रात्र. घरात उकडतंय म्हणून कुणी ओसरीवर, कुणी जमिनीवरच गोधडी टाकून झोपलेलं. पहाटे तीन-चारच्या सुमारास त्यातल्या एकाच्या पोटात कळ येते. काही चावल्याचं आठवत नाही. अंगावर खूण नाही, सूज नाही. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. उजाडता उजाडता पापण्या जड होतात, उघड म्हटलं तरी उघडत नाहीत. मग बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही, मान सावरत नाही. शेवटी श्वास अडखळू लागतो.

मराठवाड्यात गावोगावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना हे वर्णन तोंडपाठ आहे. हा मण्यारचा दंश.

नांदेड जिल्ह्यातलं मुखेड हे तालुक्याचं गाव बालाघाटच्या डोंगररांगांत, लातूर जिल्ह्याला लागून आहे. वैद्यकशास्त्राच्या जगात या गावाचं नाव सापांमुळे पोहोचलं. इथले डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या सर्पदंशाच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव लिहून काढला आणि २००५ मध्ये तो ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ या नियतकालिकात छापून आला. मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजचा नव्हे, तर एका तालुक्याच्या गावातल्या दवाखान्याचा हा अनुभव होता. सर्पदंश होतो तिथलाच डॉक्टर त्याबद्दल लिहितो, हे आपल्याकडे फार वेळा घडत नाही. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे दुसरं ठळक नाव. ते मूळचे मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातले.

प्रश्न किती मोठा आहे? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले.

मण्यारचं कोडं इतर सापांपेक्षा वेगळं आहे. घोणस किंवा फुरसं चावलं की जागा सुजते, रक्त गोठायचं थांबतं, दिसायलाच भयंकर दिसतं. मण्यारच्या दंशात दिसण्यासारखं जवळजवळ काही नसतं. वर प्रतिविषाचं इंजेक्शन देऊनही रुग्ण लगेच डोळे उघडत नाही. नातेवाईक विचारतात, ‘औषध दिलं ना, मग गुण का येत नाही?’ कधी कधी घरचे आशाच सोडतात आणि ‘घरी नेऊ’ म्हणतात. तिथेच जीव जातो.

औषध देऊनही गुण का येत नाही, हे समजायला नसेच्या टोकाशी, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही छोट्या जागेत जावं लागतं.

पेशीच्या आतली मालवाहतूक

आपल्या प्रत्येक पेशीत माल तयार होतो आणि तो एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावा लागतो. स्वादुपिंडाच्या पेशी इन्सुलिन बनवतात आणि रक्तात सोडतात. चेतापेशी, म्हणजे ज्यांच्या लांब धाग्यांना आपण बोलीभाषेत नसा म्हणतो त्या पेशी, निरोप पोहोचवणारी रसायनं सोडतात. हा माल मोकळा फिरत नाही. तो इवल्या पिशव्यांमध्ये भरलेला असतो. शास्त्रीय मराठीत या पिशवीला पुटिका म्हणतात. इथे आपण पिशवीच म्हणू.

पायाचा अंगठा हलवणाऱ्या चेतापेशीचं मुख्य शरीर पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत असतं. तिचा धागा मात्र तिथून थेट पावलापर्यंत, जवळजवळ मीटरभर लांब जातो. टोकाशी लागणाऱ्या पिशव्यांचा बराचसा कच्चा माल वर मज्जारज्जूत बनतो आणि खाली वाहून आणला जातो. वाहणारं प्रथिन म्हणजे कायनेसिन. ते धाग्यातल्या सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून अक्षरशः पावलं टाकत चालतं. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. या चालीने दिवसाला साधारण ४०० मिलिमीटरपर्यंत मजल जाते. म्हणजे कण्यातून निघालेला माल पावलापर्यंत यायला दोन-तीन दिवस लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा एका पारदर्शक कृमीच्या चेतापेशींमध्ये हीच वाहतूक पाहते. कृमीचं अंग पारदर्शक असल्यामुळे जिवंत चेतापेशीतल्या पिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली धावताना दिसतात. आयआयटी मुंबईतले रूप मलिक अशाच मोटर-प्रथिनांची ताकद मोजतात. तेही आधी टीआयएफआरमध्येच होते.

नसेच्या टोकाशी, स्नायूला भिडते त्या जागी, या पिशव्या गर्दी करून तयार असतात. एकेका पिशवीची जाडी ४० ते ५० नॅनोमीटर. डोक्यावरच्या एका केसाच्या रुंदीत अशा हजारावर पिशव्या शेजारी शेजारी मावतील. प्रत्येकीत ॲसिटिलकोलीन या रसायनाचे काही हजार रेणू. मेंदूकडून हुकूम आला की काही पिशव्या नसेच्या कडेला जाऊन फुटतात, रसायन बाहेर पडतं, समोरच्या स्नायूवर आदळतं आणि स्नायू आकसतो. पापणी उचलण्यापासून छातीचा भाता हलवण्यापर्यंत सगळं यावरच चालतं.

रसायन असं ठरावीक मापाच्या पुड्यांतूनच सुटतं, हे १९५०च्या दशकात बर्नार्ड काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या स्नायूवर दाखवून दिलं. पुडी म्हणजेच ही पिशवी.

‘फुटतात’ हा शब्द मी वर सोयीसाठी वापरला, पण तो चुकीचा आहे. पिशवी फुगा फुटावा तशी फुटत नाही. ती पेशीच्या कडेत विरघळून एकजीव होते.

दोन तवंग एकत्र कसे येतात?

आमटीवर तरंगणारे तेलाचे दोन तवंग पाहिलेत? जवळ आले की क्षणात एक होतात. पेशीची कड, म्हणजे पेशीपटल, हेही तेलासारख्याच रेणूंचं, फॉस्फोलिपिडचं बनलेलं असतं. पिशवीची भिंतही त्याचीच. मग जवळ आल्यावर त्या आपोआप का मिसळत नाहीत?

मिसळत नाहीत हेच बरं आहे. नाहीतर आपल्या पेशीतली प्रत्येक पिशवी जिला धडकेल तिच्यात विरघळली असती आणि पेशी शिल्लकच राहिली नसती. पेशीपटल दुपदरी असतं. रेणूंची पाणी आवडणारी डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना, तेलकट शेपट्या आत. दोन पटलं समोरासमोर आली की डोक्यांना चिकटलेलं पाणी मध्ये येतं. ते पिळून बाहेर काढल्याशिवाय तेलाला तेल भेटत नाही, आणि त्यासाठी जोर लावावा लागतो.

तो जोर लावतात प्रथिनं. त्यांच्या कुळाला स्नेअर म्हणतात.

चार पदरांचा दोर

आपल्याकडे अंबाडीच्या तागाचा दोर वळायचे, अजून काही घरांत वळतात. पदर एकमेकांवर पिळत गेलं की दोर आखडतो आणि त्याची टोकं ओढली जातात. पेशीतली युक्ती बरीचशी हीच आहे.

पिशवीच्या भिंतीत रोवलेलं एक प्रथिन असतं, सिनॅप्टोब्रेविन. नसेच्या कडेच्या आतल्या बाजूला दोन असतात, सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. पिशवी कडेजवळ आली की ही तिघं एकमेकांना पीळ घालायला लागतात. स्नॅप-२५ दोन पदर देतं, बाकीचे दोघे एकेक. एकूण चार पदर. पीळ लांबच्या टोकापासून सुरू होतो आणि पटलांच्या दिशेने घट्ट होत जातो. जसजसा पीळ बसतो तसतशी पिशवी कडेवर दाबली जाते. मधलं पाणी पिळून निघतं आणि दोन तवंगांचं जमतं तसं होतं. एक बारीक भोक पडतं, रुंदावतं आणि आतला माल बाहेर. एका दोराचा जोर सहसा पुरत नाही, काही दोर एकाच वेळी वळले जातात. या चार पदरांची नेमकी रचना १९९८ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली.

आता वेळेचा प्रश्न. पिशवी आधीच कडेला लागून, दोर अर्धवट वळून तयार असते. एसटी फलाटावर लागलेली, इंजिन सुरू, प्रवासी बसलेले, पण कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, तशी. इथली डबल बेल म्हणजे कॅल्शियम. हुकूम नसेच्या टोकाशी पोहोचला की दारं उघडून कॅल्शियम आत घुसतं. पिशवीवरचं सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि उरलेला पीळ बसतो. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागात.

गाडी गेल्यावर फलाटावर पीळ बसलेला दोर तसाच पडून असतो. तो सोडवला नाही तर पुढच्या पिशवीला पदरच मिळणार नाहीत. पीळ उलगडण्याचं काम एनएसएफ नावाचं प्रथिन करतं. त्यासाठी ते पेशीची ऊर्जा खर्च करतं.

मुंबईचा धागा

यीस्टवर काम करणारे रँडी शेकमन यांना १९७९च्या सुमारास असे यीस्ट सापडले, ज्यांच्या पोटात तापमान वाढवलं की पिशव्या साचून राहत. जेम्स रॉथमन यांनी १९८८ मध्ये एनएसएफ वेगळं काढलं आणि १९९३ मध्ये त्यांच्या गटाने गाई-बैलांच्या मेंदूतून स्नेअर प्रथिनं ओळखली. कॅल्शियमच्या घंटेचा छडा थॉमस स्यूडॉफ यांनी लावला. २०१३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

या गोष्टीचा एक धागा मात्र मुंबईतून जातो आणि तो फारसा सांगितला जात नाही. टीआयएफआरमध्ये १९६०च्या दशकात रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला तो ओबेद सिद्दीकी यांनी, होमी भाभांच्या बोलावण्यावरून. सिद्दीकी आणि अमेरिकेतले सेमूर बेंझर यांनी १९७६ मध्ये फळमाशीच्या काही विचित्र जातींवर शोधनिबंध लिहिला. फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारं ते चिलट. या माश्या एरवी धडधाकट, पण तापमान वाढवलं की कोसळायच्या. त्यातल्या एका जातीचं नाव ‘कोमॅटोज’, म्हणजे बेशुद्ध पडलेली. गार केल्यावरही ती लगेच उठत नसे, बराच वेळ पडून राहायची.

का पडते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९९५ मध्ये उत्तर आलं. या माशीत बिघडलेलं जनुक एनएसएफचं होतं. दोर वळला जात होता, पण उलगडला जात नव्हता. यीस्ट, बैलाचा मेंदू आणि केळ्यावरचं चिलट या तिन्हींत एकच यंत्र निघालं. टीआयएफआरमध्ये के. एस. कृष्णन यांच्या गटाने या माश्यांवर पुढे अनेक वर्षं काम केलं.

अशीच आणखी एक कोसळणारी माशी १९७३ मध्ये नोंदली गेली होती, ‘शिबिरे’. जपानी भाषेत याचा अर्थ बधिर. गरम केली की हिच्या नसेच्या टोकातल्या पिशव्या संपून जायच्या. भरलेल्या पिशव्या बाहेर ओतल्या जात होत्या, पण नव्या पिशव्या बनत नव्हत्या. मण्यारकडे जाण्याची वाट इथून आहे.

पिशवी परत कशी येते?

विचार करा. प्रत्येक हुकमाला पिशव्या कडेत विरघळत राहिल्या तर दोन गोष्टी होतील. पिशव्यांचा साठा संपेल आणि नसेची कड फुगत जाईल. नवीन माल कण्यातून यायला दोन-तीन दिवस. तोवर स्नायूने काय करायचं?

म्हणून नसेचं टोक जागच्या जागीच पिशव्या परत बनवतं. कडेचा एक तुकडा आत खळगा करून ओढला जातो. क्लॅथ्रिन हे प्रथिन त्याला जाळीचा सांगाडा देतं. खळग्याला मान येते, आणि डायनामिन नावाचं प्रथिन त्या मानेभोवती वेटोळं घालून ती आवळतं आणि तोडतं. पिशवी सुटी होते, पुन्हा रसायन भरलं जातं, पुन्हा रांगेत. ‘शिबिरे’ माशीत बिघडलं होतं ते हेच डायनामिन.

मान तोडायला डायनामिन एकटं पुरतं का, आणि ते नेमकं कसं आवळतं, यावर पुण्याच्या आयसर संस्थेत थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेत काम झालं आहे. काचेवर फॉस्फोलिपिडच्या बारीक नळ्या ताणून, त्यावर डायनामिन सोडून, नळी तुटताना प्रत्यक्ष पाहायची अशी त्यांची पद्धत. या कामासाठी त्यांना २०१८ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

म्हणजे नसेचं टोक दोन पायांवर चालतं. एक पाय पिशवी जोडण्याचा, दुसरा तोडण्याचा. दोन्हींचा मेळ बसला तर श्वास चालतो.

विष हा मेळ कसा मोडतं?

मण्यारच्या विषात नसेवर हल्ला करणारे बरेच घटक असतात. त्यातला सगळ्यात घातक बीटा-बंगारोटॉक्सिन या गटातला. तैवानमधले चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये तिथल्या मण्यारच्या विषातून हे वेगळं काढलं होतं. आपल्या मण्यारच्या विषातही याच धाटणीचे घटक आहेत.

या विषाचे दोन भाग असतात. एक भाग नसेच्या टोकावरची जागा ओळखून चिकटतो. दुसरा भाग हा एक पाचक पदार्थ आहे, फॉस्फोलिपेज. तो पेशीपटलातला फॉस्फोलिपिडचा रेणू चिरतो. त्यातून दोन तुकडे निघतात. एकाचं डोकं मोठं आणि शेपटी एकच, तो बाहेरच्या पदरात अडकून राहतो. दुसरा स्निग्धाम्लाचा, तो सहज आतल्या पदरात उतरतो. दोन पदरांचं माप असं बिघडलं की पटल वाकायला आणि पिशव्यांना सामावून घ्यायला अति उत्सुक होतं. ज्या जुळणीला स्नेअरच्या दोराचा जोर लागत होता ती आता फारशा जोराशिवाय होऊ लागते. उलट बाजूने, खळगा करून पिशवी परत तोडणं अवघड होतं.

येणं सुरू, जाणं बंद. पिशव्या भसाभस कडेत विरतात आणि परत बनत नाहीत. काही तासांत नसेचं टोक रिकामं. चिरलेल्या पटलातून कॅल्शियम आत लोंढ्याने येतं, ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका सुजतात, आणि शेवटी नसेचं ते टोकच मोडून पडतं. उंदरांवरच्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी हे टप्पे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहेत. २००५ मध्ये तर इटलीतल्या एका गटाने दाखवलं की विष न वापरता फक्त ते दोन तुकडे चेतापेशीवर टाकले, तरी तोच परिणाम होतो.

चावल्यापासून लक्षणं दिसायला काही तास जातात, त्याचं एक मोठं कारण हेच. साठा संपायला वेळ लागतो. डोळ्यांचे, चेहऱ्याचे, घशाचे स्नायू आधी ढिले पडतात, श्वासाचे नंतर.

आणि एक गोष्ट घरच्यांना माहीत असायलाच हवी. हे विष मेंदूत शिरत नाही. रुग्णाची पापणी हलत नाही, बोटही हलत नाही, कधी कधी बाहुल्या मोठ्या होऊन उजेडालाही दाद देत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण आत माणूस जागा असू शकतो. उशाशी बसून जे बोललं जातं ते त्याला ऐकू येत असू शकतं. मण्यारच्या रुग्णाचा मेंदू मृत झाला असं घाईने ठरवू नये, हे डॉक्टरांनाही मुद्दाम शिकवलं जातं.

मग प्रतिविष कशाला?

आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालतं. थोडं थोडं विष घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती शुद्ध करून कुपीत भरतात. महाराष्ट्रात हाफकिनच्या पिंपरीतल्या कारखान्यात हे बनतं.

ही प्रतिपिंडं रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतात. जे विष अजून नसेपर्यंत पोहोचलेलं नाही त्याला अडवतात. पण आधीच रिकामं झालेलं टोक ती भरून देऊ शकत नाहीत. चिरलेलं पटल शिवायला प्रतिपिंड कामाचं नाही. म्हणून पहिल्या तासात दिलेलं प्रतिविष आणि पापण्या मिटल्यावर दिलेलं प्रतिविष यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि म्हणूनच ‘गुण येत नाही, आणखी दहा बाटल्या द्या’ हा आग्रह मण्यारच्या बाबतीत निरर्थक ठरतो. आपल्याकडच्या उपचार-सूचनांत नसांवर परिणाम करणाऱ्या दंशाला साधारण १० कुप्या आणि गरज वाटल्यास आणखी १०, इथे हात थांबवायला सांगितलं आहे. त्यापुढे काम श्वासाचं.

नागाशी तुलना केली की हे स्पष्ट होतं. नागाचं मुख्य विष नसेच्या टोकाला हात लावत नाही. ते समोरच्या स्नायूवरच्या, ॲसिटिलकोलीन पकडणाऱ्या जागा अडवून बसतं. नसेत पिशव्या भरलेल्या असतात, सुटतही असतात, फक्त दार बंद. म्हणून निओस्टिग्मिन हे औषध तिथे उपयोगी पडतं. ते ॲसिटिलकोलीन लवकर नष्ट होऊ देत नाही, रसायन दाराशी साचतं आणि अडवलेल्या जागा परत मिळवतं. मण्यारच्या रुग्णात मुळात रसायनच सुटत नाही. नसलेलं टिकवणार काय? त्यामुळे तिथे हे औषध बहुधा निकामी ठरतं.

धनुर्वातही इथलाच

लोखंड लागलं की टीटीचं इंजेक्शन घ्यायचं, हे आपल्याला शाळेपासून माहीत. धनुर्वाताचं विष याच यंत्रावर वार करतं, पण पटलावर नाही, थेट दोरावर. ते कात्रीसारखं सिनॅप्टोब्रेविनचा पदर कापतं. १९९२ मध्ये हे कळलं. हे विष जखमेतून नसेत शिरतं आणि त्याच रुळांवरून उलट दिशेने मज्जारज्जूपर्यंत चढतं. तिथे ते स्नायूंना ‘थांब’ सांगणाऱ्या चेतापेशींचे दोर कापतं. लगाम सुटतो, म्हणून अंग धनुष्यासारखं ताठतं. दूषित अन्नातून होणाऱ्या बॉट्युलिझमच्या एका प्रकारात हाच पदर तुटतो, पण स्नायूच्या तोंडाशी, आणि माणूस लुळा पडतो. तोच पदर, तोच वार, जागा वेगळी.

धनुर्वातावर लस आहे. माता आणि नवजात बालकांमधला धनुर्वात भारतातून दूर झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. सर्पविषावर मात्र माणसाला आधी टोचून ठेवायची लस नाही.

दवाखान्यात काय वाचवतं?

मोडलेलं टोक परत उगवतं. चेतापेशी वर मज्जारज्जूत शाबूत असते, तिचा धागा शाबूत असतो, फक्त शेवटचा तुकडा गेलेला असतो. कायनेसिन पुन्हा माल वाहून आणतं, टोक नव्याने फुटतं, स्नायूला भिडतं, स्नेअर जागेवर बसतात, पिशव्या भरतात. उंदरांत हे काही दिवसांत घडताना दिसलं आहे. माणसांतही व्हेंटिलेटरवर दोन दिवसांपासून आठवडाभर, कधी त्याहून जास्त काढलेले रुग्ण पुन्हा स्वतः श्वास घ्यायला लागतात.

तोवर कुणीतरी श्वास द्यायला हवा. व्हेंटिलेटर असेल तर उत्तम. नसेल, किंवा मुखेडसारख्या ठिकाणाहून नांदेडला हलवताना गाडीत दीड-दोन तास काढायचे असतील, तर हाताने दाबायची रबरी पिशवी. तिला दवाखान्यात अंबू बॅग म्हणतात. ती न थांबता दाबत राहिल्याने माणसं वाचली आहेत.

घरच्यांच्या हातात काय आहे? पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या तर खूण शोधत बसायचं नाही. मण्यारचे दात बारीक, खूण अनेकदा सापडतच नाही. चावलेली जागा कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही. हातपाय न हलवता, आडवं ठेवून, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने, जिथे प्रतिविष आणि श्वास देण्याची सोय आहे तिथे न्यायचं. कडुलिंबाचा पाला चावायला देऊन ‘कडू लागतो का’ बघण्याची रीत अजून आहे. आपण आता पाहिलं की विष जिभेच्या चवीवर नव्हे, गिळण्याच्या स्नायूवर बसतं. त्या परीक्षेतून काही कळत नाही. उलट गिळता न येणाऱ्याच्या घशात पाला अडकतो.

जमिनीवर झोपणं टाळता येत असेल तर टाळावं, खाट वापरावी. जमिनीवर झोपावंच लागत असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. मण्यार रात्री फिरतो आणि खोचलेल्या जाळीतून आत शिरणं त्याला सोपं जात नाही.

नवं औषध येतंय का? फॉस्फोलिपेजलाच अडवणारी वारेस्प्लाडिब नावाची गोळी भारतात आणि अमेरिकेत रुग्णांवर तपासली गेली. २०२४ मध्ये निकाल आला. प्रतिविषासोबत ती देऊन मुख्य मोजमापात ठळक फरक दिसला नाही, लवकर दिलेल्यांमध्ये मात्र थोडी आशा दिसली. गोळी खेड्यातच ठेवता येते, वाटेतच देता येते, म्हणून तिच्याकडे लक्ष आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडाही जाहीर केला.

घोणसच्या रुग्णाचा पाय वाचला तरी मूत्रपिंड जाऊ शकतं, जखम महिनोन्महिने चालू शकते. मण्यारच्या रुग्णाला श्वास मिळत राहिला तर तो बहुधा आहे तसा, कसलंही व्यंग न राहता घरी जातो.